पाणवनस्पतींमधले लहान मासे नेमके काय खातात? अभ्यासाची पायरीवार पद्धत

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव, म्हणजे बोलण्यातले ‘मामा तलाव’, हजारोंच्या संख्येने आहेत. कोहळी समाजाने बांधलेल्या आणि ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीसाठी वापरलेल्या या तलावांच्या उथळ काठाला हायड्रिला, वॅलिस्नेरिया, सेराटोफायलम, कुमुद, निम्फॉइडस आणि देवधान यांची दाट वाढ असते. या वाढीत बोटभर लांबीचे जे मासे राहतात त्यांना बाजारात फारसा भाव नसतो, पण तलावातल्या मोठ्या माशांचे आणि पाणपक्ष्यांचे बरेचसे अन्न तेच असतात आणि गावातल्या अनेक घरांत कालवणही त्यांचेच होते. हे मासे काय खाऊन जगतात, असा प्रश्न कोणी विचारला तर बहुतेक वेळा ‘शेवाळ खातात’ किंवा ‘गवत खातात’ असे उत्तर मिळते. ते पूर्ण चूक नसले तरी त्यात मोठी गफलत आहे, कारण मासा पानाला तोंड लावतो म्हणून तो पान खातो असे होत नाही. पानावर बसलेला चिकट थर, त्या थरात वावरणारे सूक्ष्म जीव, पानाच्या खालच्या बाजूला लपलेली अळी किंवा गोगलगायीची अंडी, यांपैकी कशासाठी तो तिथे आला होता, हे वेगवेगळ्या पुराव्यांनी ताडून पाहावे लागते.

हा लेख महाविद्यालयीन विद्यार्थी, गावातल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि तलावकाठी राहणारे निसर्ग अभ्यासक यांच्यासाठी लिहिला आहे. उदाहरणे पूर्व विदर्भातल्या तलावांची असली तरी पद्धत कोकणातल्या तळीला, देशावरच्या पाझर तलावाला किंवा गोव्यातल्या शेततळ्यालाही लागू पडते. फक्त तिथली माशांची यादी वेगळी असेल.

परवानगी आणि साहित्य

गावतलाव कोणाचाच नसतो असे समजून थेट पाण्यात उतरू नये. बहुतेक मामा तलावांतील मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो, काही तलाव ग्रामपंचायतीकडे तर काही जिल्हा परिषदेकडे असतात. संस्थेच्या लोकांना आधी भेटून काय करणार आहोत ते समजावून सांगावे. त्यातून परवानगी तर मिळतेच, शिवाय कोणता मासा कोणत्या वनस्पतीत आणि कोणत्या महिन्यात सापडतो याची अशी माहिती मिळते जी पुस्तकात शोधून सापडणार नाही. तलाव अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असेल, तर वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक मासाही उचलता येत नाही. नवेगावबांध परिसरात काम करणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

साहित्य मोजकेच लागते. पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा, साधी दुर्बीण, घड्याळ, वही, पांढऱ्या रंगाचा पसरट ट्रे, दोन बादल्या, बारीक चाळणी, मऊ ब्रश, झाकणाच्या बाटल्या आणि शक्य असल्यास प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गोळा करण्याची ६० मायक्रॉनच्या आसपास छिद्रे असलेली जाळी. सूक्ष्मदर्शक शाळेतला असला तरी चालतो. एकट्याने पाण्यात उतरू नये. काठावरच्या दाट गवतात साप असतात आणि तलावाचा गाळ दिसतो त्यापेक्षा खोल असतो.

पहिली पायरी: वनस्पतींच्या जागा नोंदवणे

माशांकडे पाहण्याआधी वनस्पतींची पाहणी करावी. काठाच्या साधारण पन्नास मीटर पट्ट्याचा कच्चा नकाशा काढावा आणि त्यात पाण्याखाली बुडालेल्या वनस्पती, मुळे तळात पण पाने पाण्यावर असलेल्या वनस्पती, पूर्णपणे तरंगणाऱ्या वनस्पती आणि पाण्याबाहेर उभ्या राहणाऱ्या वनस्पती असे चार प्रकार वेगळे दाखवावेत. प्रत्येक जागी पाण्याची खोली आणि तळ वाळूचा आहे की चिखलाचा हेही लिहावे.

या वर्गीकरणाला आहाराच्या दृष्टीने अर्थ आहे. हायड्रिलाची पाने लहान, कडेला दातेरी आणि खोडाभोवती वलयात येणारी असतात. बोटांनी चोळली तर खरखरीत लागतात. अशा गुंतागुंतीच्या रचनेत जीव बसायला जागा भरपूर मिळते. सेराटोफायलमची दुभंगत जाणारी पानेही तशीच. वॅलिस्नेरियाचे पान मात्र लांब फितीसारखे सपाट असते. त्यावर शैवालाचा थर चांगला बसतो, पण लपायला जागा कमी. कुमुदाच्या तरंगत्या पानाची खरी गंमत त्याच्या खालच्या बाजूला असते आणि ती पान उलटल्याशिवाय कळत नाही. जलपर्णीच्या केसाळ मुळांत कीटकांच्या अळ्या आणि सूक्ष्म कवचधारी जीव सापडतात हे खरे, परंतु तिच्या सलग आच्छादनाखाली प्रकाश पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि बुडालेल्या वनस्पती नाहीशा होतात. त्यामुळे जलपर्णीच्या मुळांत अन्न सापडले म्हणजे ती माशांच्या हिताची आहे असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते.

युट्रिक्युलेरिया ही पिवळ्या किंवा जांभळ्या फुलांची वनस्पती दिसली तर तिची वेगळी नोंद करावी. तिच्या धाग्यांसारख्या फांद्यांवरचे बारीक फुगे डॅफ्नियासारखे (पाणपिसूसारखे) सूक्ष्म कवचधारी जीव आणि डासांच्या लहान अळ्या पकडून पचवतात. म्हणजे माशांच्या अन्नात वाटा मागणारी वनस्पती त्याच पाण्यात असते.

दुसरी पायरी: माशाचे तोंड पाहणे

मासा हातात आला की ओळख पटवण्याआधी त्याचे तोंड बाजूने पाहावे. वर वळलेले तोंड पृष्ठभागावरून किंवा पृष्ठभागाच्या लगत खाणाऱ्याचे, टोकाला सरळ असलेले तोंड मधल्या पाण्यात आणि पानांवरून टिपणाऱ्याचे, तर खाली वळलेले तोंड तळ धुंडाळणाऱ्याचे असते. हा ठोकताळा आहे, नियम नाही, परंतु निरीक्षणाला दिशा देण्यासाठी फार उपयोगी पडतो.

इसोमस डॅनरिकस या सडपातळ माशाचे तोंड स्पष्टपणे वर वळलेले असते आणि त्याच्या लांबलचक मिशा शरीराच्या अर्ध्या लांबीपर्यंत मागे पोचतात. कोकण आणि गोव्यातल्या संथ पाण्यात ही जागा ॲप्लोकायलस लायनिएटस घेतो. चपटे डोके, वर उघडणारे तोंड आणि डोक्यावर चमकणारा पांढरा ठिपका यांमुळे तो काठावर उभे राहूनही ओळखता येतो. दांडवण म्हणून देशावर ओळखला जाणारा रासबोरा डॅनिकोनियस मधल्या आणि वरच्या थरात थव्याने फिरतो व मुख्यतः कीटक आणि प्राणिप्लवक टिपतो. पुंटियस सोफोर आणि पेथिया टिक्टो हे खवल्या गटातले मासे मिश्राहारी असून पानांवर चोची मारल्यासारखे सतत टिपताना दिसतात. अँब्लिफॅरिंगोडॉन मोला हा मात्र प्रामुख्याने वनस्पतिप्लवक आणि शैवाल खातो. चांदा नामा या काचेसारख्या पारदर्शक माशाची गोष्ट निराळी आहे. तो प्राणिप्लवक खातोच, शिवाय दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवलेही ओरबाडून खातो. ट्रायकोगॅस्टर फॅसिएटा आपल्या दोऱ्यासारख्या लांब पोटपरांनी वनस्पती चाचपत हिंडतो आणि नँडस नँडस वाळक्या पानासारखा निश्चल राहून, तोंड नळीसारखे पुढे काढून, जवळ आलेला लहान मासा गिळतो. तळाला लेपिडोसेफॅलिक्थिस जातीच्या मुऱ्या असतात. त्या वाळू तोंडात घेऊन खाद्य वेगळे करतात आणि उरलेली वाळू कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात.

स्थानिक नावे विचारून तशीच लिहावीत. एकच नाव दोन गावांत दोन माशांना असते, म्हणून प्रत्येक नावासोबत फोटो हवा. बाजूने, पर पसरलेले आणि शेजारी मोजपट्टी ठेवून घेतलेला फोटो असल्यास नंतर तज्ज्ञाकडून खात्री करून घेता येते. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन करताना ‘अळकुटी’ आणि ‘मुरे’ ही नावे शास्त्रीय नावांतच घेतली होती, तेव्हा स्थानिक नाव लिहिण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी: काठावरून नोंदी घेणे

पाणी स्वच्छ असेल तरच ही पायरी जमते, आणि त्यासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सूर्य पाठीशी राहील पण आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशी जागा निवडावी. तिथे दहा-पंधरा मिनिटे न हलता बसावे. मासे सुरुवातीला पांगतात आणि मग परत येतात. ते परतल्यानंतरच नोंदीला सुरुवात करावी, कारण घाबरलेल्या माशाचे वागणे आहाराविषयी काहीही सांगत नाही.

एक मासा निवडून तो दिसेनासा होईपर्यंत किंवा जास्तीत जास्त पाच मिनिटे त्याच्यावर नजर ठेवावी. प्रत्येक टिपण्यासाठी तीन गोष्टी लिहाव्यात: टिपले कुठे, शरीराचा कोन कसा होता आणि त्यानंतर काय झाले. ‘कुठे’ याची उत्तरे आधीच ठरवून घ्यावीत, म्हणजे पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, खोड, तरंगती मुळे, मोकळे पाणी, पृष्ठभाग आणि तळ. चिन्हे ठरवली की लिहिण्याचा वेग वाढतो. दोघे असतील तर एकाने पाहून बोलावे आणि दुसऱ्याने लिहावे, ते अधिक बरे.

‘त्यानंतर काय झाले’ हा रकाना बहुतेक वह्यांत नसतो, पण माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. पेथिया टिक्टो हायड्रिलाच्या वलयात तोंड खुपसतो, मान झटकावी तसे अंग झटकतो, थोडा मागे सरकतो आणि तोंडातून हिरवा कण बाहेर टाकतो. तो कण सावकाश खाली जात असताना दुसरा मासा येऊन तो पुन्हा तोंडात घेतो आणि पुन्हा टाकतो. केवळ टिपण्यांची संख्या मोजणारा निरीक्षक इथे ‘वनस्पती खाल्ली’ अशी दोनदा नोंद करील, प्रत्यक्षात एकाही माशाने ती गिळलेली नसते. तोंडात घेणे, गाळणे आणि गिळणे या तीन वेगळ्या क्रिया आहेत. थुंकणे दिसले की त्यासाठी वेगळी खूण करावी आणि दर शंभर टिपण्यांमागे किती वेळा थुंकले हे काढावे. तो आकडा मोठा असेल, तर मासा पानासाठी नव्हे तर पानावरच्या जिवांसाठी येत असल्याची शक्यता वाढते.

पाहण्याच्या वेळा सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा विभागून घ्याव्यात. दाट वनस्पती असलेल्या पाण्यात रात्रभर वनस्पतींचेही श्वसन चालू असल्याने पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा वेळी मासे पृष्ठभागाशी तोंड आणून पाणी ओढताना दिसतात आणि नवखा माणूस त्यालाच खाणे समजतो. ट्रायकोगॅस्टर आणि मुऱ्या तर इतर वेळीही हवेचा घोट घ्यायला वर येतात. घोट घेणारा मासा झटकन वर येऊन लगेच खाली वळतो, खाणारा मासा आधी वस्तूकडे तोंड करून क्षणभर थबकतो. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की चूक होत नाही.

चौथी पायरी: अन्न किती आणि कोणते उपलब्ध आहे

माशाने काय खाल्ले हे कळण्याइतकेच त्याच्यासमोर काय वाढून ठेवले होते हे कळणे आवश्यक आहे. पाण्यात सगळीकडे डासांच्या अळ्या असतील आणि माशाच्या पोटातही त्याच सापडल्या, तर त्याने त्या निवडून खाल्ल्या असे म्हणता येत नाही. अनेक प्रकल्प अहवालांत ही पायरी गाळलेली असते आणि मग त्यातल्या आकड्यांना आधार उरत नाही.

ज्या जागी निरीक्षण केले त्याच जागेची वनस्पती घ्यावी. पाण्याखालीच वनस्पतीभोवती प्लास्टिकची पिशवी सरकवून तोंड बंद करावे आणि मग खोड कापावे. उघडी ओढून काढली तर चपळ जीव निसटतात. पिशवीतले सगळे बादलीत ओतून वनस्पती जोरात हलवावी, पाणी चाळणीतून गाळावे आणि चाळणीत उरलेले पांढऱ्या ट्रेमध्ये पसरावे. टाचणी, चतुर आणि मेफ्लाय या कीटकांची पिल्ले, कायरोनोमिडच्या (डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीच्या) लालसर अळ्या, लहान गोगलगायी आणि ऑस्ट्राकॉड हे शिंपल्यासारख्या कवचाचे बारीक जीव नुसत्या डोळ्यांनी किंवा भिंगाने वेगळे करता येतात. वनस्पती निथळून तिचे वजन करावे, म्हणजे ‘शंभर ग्रॅम हायड्रिलामागे इतक्या अळ्या’ अशी तुलना करता येते.

पानावरच्या थरासाठी दहा पाने निवडून त्यांच्या दोन्ही बाजू मऊ ब्रशने ठरावीक पाण्यात घासाव्यात. पाने आलेख कागदावर ठेवून त्यांचे क्षेत्रफळ काढावे. घासलेल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की नॅव्हिक्युला, गोम्फोनेमा यांसारखे डायटम (सिलिकाच्या कवचाचे एकपेशीय शैवाल), ऑसिलॅटोरियाचे सरकणारे धागे, रोटिफर हे सूक्ष्म प्राणी आणि बरीचशी ओळख न पटणारी तपकिरी घाण दिसते. ती घाण, म्हणजे कुजलेले सेंद्रिय कण आणि त्यावरचे जिवाणू, नोंदीतून वगळू नये. अनेक लहान माशांच्या आतड्यात तिचे प्रमाण बरेच असते.

डासांच्या अळ्यांची मोजणी करताना त्यांची ठेवण पाहावी. ॲनोफिलिसची अळी पृष्ठभागाला समांतर पडून राहते, क्युलेक्सची अळी श्वासनळी वर टेकवून डोके खाली करून तिरकी लोंबते. पृष्ठभागावर खाणाऱ्या माशाला पहिली अधिक सहज मिळते, पण दाट तरंगत्या वनस्पतींत मासा शिरूच शकत नाही आणि तिथे दोन्ही प्रकारच्या अळ्या निर्धास्त वाढतात. डासनियंत्रणासाठी मासे सोडूनही काही तळ्यांत डास कमी होत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे. १९२८ मध्ये भारतात आणलेला गँबुसिया आणि त्याआधीच आलेला गप्पी हे या कामासाठी सर्रास सोडले गेले. गँबुसिया देशी माशांची अंडी आणि पिल्लेही खातो. ज्या तलावात तो नाही तिथे अभ्यासाच्या निमित्तानेही तो सोडू नये, कारण इसोमस, रासबोरा आणि ॲप्लोकायलस हे देशी मासे तेच काम करतात.

पाचवी पायरी: मासा न मारता विष्ठा तपासणे

पकडलेला मासा लगेच स्वच्छ, गाळलेल्या पाण्याच्या बरणीत एकटा ठेवावा. बरणी सावलीत असावी, पाणी त्याच तलावाचे पण बारीक कापडातून दोनदा गाळलेले असावे. काही तासांत तळाशी विष्ठेचे दोरे जमतात. ते ड्रॉपरने उचलून बाटलीत घ्यावेत आणि मासा पकडला तिथेच सोडून द्यावा.

विष्ठेत डायटमची सिलिकाची कवचे, कायरोनोमिडच्या डोक्याची टणक कवचे, मुंग्यांची डोकी, कीटकांच्या पंखांचे तुकडे आणि वाळूचे कण ओळखू येतात. मऊ अंगाचे रोटिफर आणि गांडूळवर्गीय कृमी मात्र पूर्ण विरघळून जातात. त्यामुळे विष्ठेत एखादी वस्तू सापडली तर ती खाल्ली होती एवढे निश्चित म्हणता येते, सापडली नाही तर काहीच म्हणता येत नाही. ही मर्यादा मान्य करूनही हौशी अभ्यासकाने याच पायरीवर थांबावे असे मला वाटते. पुढची पायरी शिक्षक किंवा संशोधक सोबत असतील तरच करावी.

सहावी पायरी: आतड्यातील अन्न

माशांचे विच्छेदन करण्यासाठी वेगळे मासे मारण्याची सहसा गरज नसते. ढिवर बांधवांच्या सकाळच्या फेकजाळ्यात आलेल्या लहान माशांतून काही विकत घ्यावेत. रात्रभर पाण्यात राहिलेल्या जाळ्यातले मासे घेऊ नयेत, कारण अडकलेल्या माशाचे पचन चालूच राहते आणि सकाळपर्यंत आतडे रिकामे होते. बांबूच्या सापळ्यातले मासेही टाळावेत. ते आतल्या आत एकमेकांना खातात आणि तो आहार नैसर्गिक नसतो.

मासा मिळताच बर्फात ठेवावा. मेल्यावरही पाचक रस काम करीत राहतात, म्हणून लगेच तपासणार नसाल तर पोटाला बारीक छेद देऊन मासा १० टक्के फॉर्मलिनमध्ये बुडवावा. बाजारात मिळणारे फॉर्मलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग असे ते मिश्रण होते. हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी.

प्रत्येक माशाची लांबी आणि वजन लिहून आतडे अलगद बाहेर काढावे, ओढून न ताणता सरळ करावे आणि मोजावे. आतड्याची लांबी भागिले शरीराची लांबी हे गुणोत्तर साधारणपणे १ पेक्षा कमी असेल तर मासा मांसाहारी, १ ते ३ असेल तर मिश्राहारी आणि त्याहून जास्त असेल तर शाकाहारी मानतात. रासबोराचे आतडे आखूड आणि जवळपास सरळ निघते, मोलाचे गुंडाळीच्या गुंडाळ्या उलगडत राहावे लागते. एकाच जातीच्या पिल्लात आणि मोठ्या माशात हे गुणोत्तर बदलते, म्हणून लांबीचे गट पाडूनच सरासरी काढावी.

रासबोरा, पुंटियस, मोला अशा कार्प कुळातल्या माशांना जठर नसते. जबड्यात दातही नसतात, अन्न घशातल्या दातांनी भरडले जाते. त्यामुळे जठर शोधत बसू नये. आतड्याचा पुढचा एक तृतीयांश भाग कापून त्यातले अन्न तपासावे, कारण तिथेच ते ओळखण्याजोगे असते. चांदा, ट्रायकोगॅस्टर आणि नँडस यांना जठर असते, त्यांचे जठर तपासावे.

वनस्पती खाल्ली का, या मूळ प्रश्नाचे उत्तर इथे मिळते, पण त्यासाठी आतड्याचे मागचे टोकही उघडावे लागते. पुढच्या भागात हिरव्या पेशींचे तुकडे दिसले तर वनस्पती गिळली गेली एवढेच सिद्ध होते. मागच्या टोकातल्या त्याच तुकड्यांत पेशींच्या भिंती शाबूत आणि आतला हिरवा रंग जसाच्या तसा असेल, तर वनस्पती आली तशी निघून गेली, तिच्यातून माशाला फारसे काही मिळाले नाही. त्याच ठिकाणी डायटमची कवचे रिकामी झालेली असतील, तर मासा पचवतो ते डायटम आणि पान हे त्यांच्यासोबत आलेले वेष्टन आहे असे समजायला हरकत नाही. एका माशावरून हे ठरवू नये, पण बहुतेक माशांत हेच दिसले तर अहवालात ते ठामपणे लिहावे.

चांदा नामाच्या जठरात खवले सापडले तर ते नीट पाहावेत. त्यांच्यासोबत हाडे आणि मांस असेल तर अख्खा मासा गिळला होता, नुसतेच खवले असतील तर ते ओरबाडलेले होते.

सातवी पायरी: मोजणी

अन्नाचे प्रकार मोजण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. पहिली म्हणजे वारंवारिता, अर्थात तपासलेल्या किती टक्के माशांत ती वस्तू आढळली. दुसरी म्हणजे आकारमान, अर्थात एकूण अन्नात त्या वस्तूचा वाटा किती टक्के. आकारमानासाठी आतड्यातले अन्न आलेख कागदावर ठेवलेल्या काचेवर सारख्या जाडीने पसरावे आणि प्रत्येक वस्तूने व्यापलेले चौकोन मोजावेत. एकट्या वारंवारितेने सगळीकडे थोडे थोडे सापडणारे डायटम मोठे दिसतात, एकट्या आकारमानाने एखाद्याच माशात सापडलेली जाड अळी मोठी दिसते. म्हणून नटराजन आणि झिंग्रन यांनी १९६१ मध्ये दोन्हींचा गुणाकार करणारा निर्देशांक सुचवला आणि भारतातल्या मत्स्य अभ्यासात तो आजही वापरला जातो.

समजा पुंटियसच्या दहा माशांत डायटम ९० टक्के माशांत आणि आकारमानाने ३० टक्के, कायरोनोमिड अळ्या ४० टक्के माशांत आणि आकारमानाने ५० टक्के, वनस्पतींचे तुकडे ८० टक्के माशांत आणि आकारमानाने २० टक्के आढळले. गुणाकार अनुक्रमे २७००, २००० आणि १६०० येतात आणि त्यांची बेरीज ६३०० होते. प्रत्येक गुणाकाराला बेरजेने भागून शंभराने गुणले की ४२.९, ३१.७ आणि २५.४ मिळतात. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण आकारमानात पहिल्या असलेल्या अळ्या निर्देशांकात दुसऱ्या क्रमांकावर कशा जातात हे त्यातून दिसते.

निवड पाहण्यासाठी इव्हलेव्हचे सूत्र वापरावे: पोटातील प्रमाणातून पाण्यातील प्रमाण वजा करून दोन्हींच्या बेरजेने भागावे. मोजल्या गेलेल्या जिवांत अळ्यांचे प्रमाण पोटात ०.४० आणि वनस्पतीवर ०.१० असेल तर उत्तर ०.६ येते, म्हणजे मासा अळ्या शोधून खातो. उत्तर शून्याजवळ असेल तर समोर येईल ते खातो आणि ऋण असेल तर टाळतो किंवा त्याला ते मिळत नाही. चौथी पायरी गाळणाऱ्याला हे सूत्र वापरताच येत नाही.

किती मासे तपासावेत याचे ठरलेले उत्तर नाही. पुढचा मासा उघडल्यावर यादीत नवा अन्नप्रकार येणे थांबले की त्या जातीसाठी, त्या ऋतूपुरते, पुरेसे झाले असे मानावे.

आठवी पायरी: टाकीत पडताळा

मासा अळ्या शोधून खातो की उघड्यावर असल्याने त्याला त्या दिसतात, ही शंका उरली तर दोन सारख्या टाक्या घ्याव्यात. एकीत हायड्रिला लावावे, दुसरी मोकळी ठेवावी. दोन्हींत सारख्याच आकाराचे मासे ठेवून एक दिवस उपाशी ठेवावेत आणि मग दोन्हींत मोजून तितक्याच डॅफ्निया आणि तितक्याच अळ्या सोडाव्यात. अर्ध्या तासाने मासे बाहेर काढून उरलेले जीव मोजावेत. एकच वेळ करून निष्कर्ष काढू नये, टाक्यांची अदलाबदल करून प्रयोग पुन्हा करावा. उघड्या टाकीत खूप आणि हायड्रिलाच्या टाकीत थोडे खाल्ले गेले, तर वनस्पती अन्न पुरवते तशी ते लपवतेही, हे आकड्यांत मांडता येते.

तलावातच करता येण्याजोगा प्रकार म्हणजे वॅलिस्नेरियाच्या दोन झुपक्यांपैकी एकाभोवती मच्छरदाणीच्या कापडाचा पिंजरा लावणे. दोन आठवड्यांनी दोन्हींची पाने घासून थराची तुलना करावी. पिंजऱ्याने प्रकाशही थोडा अडतो, त्यामुळे एका बाजूने उघडा असा तिसरा पिंजरा तुलनेसाठी लावावा.

ऋतूचा फरक

पावसाळ्याच्या सुरुवातीला वाहून आलेले गांडूळ, मुंग्या आणि वाळवीचे पंखवाले कीटक यांनी एरवी डायटम खाणाऱ्या माशांचेही पोट भरलेले सापडते. हाच अनेक खवल्यांचा विणीचा काळ असल्याने गाभोळी भरलेल्या माद्यांचे आतडे रिकामेही निघते. रिकामे आतडे म्हणजे वाया गेलेला नमुना नव्हे. त्याची नोंद ‘रिकामे’ अशी करून टक्केवारी वेगळी दाखवावी. उन्हाळ्यात पाणी आटून मासे उरलेल्या डबक्यात दाटीने राहतात, वनस्पती कमी होतात आणि तळातल्या कणांचे प्रमाण वाढते. म्हणून एकाच ऋतूत केलेल्या नोंदीवर ‘या माशाचा आहार’ असे शीर्षक देऊ नये, महिना आणि तलावाचे नाव शीर्षकातच घालावे.

प्रत्येक बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी, शाई फॉर्मलिनमध्ये आणि अल्कोहोलमध्ये उतरते. चिठ्ठीवर तलाव, वनस्पती, तारीख, वेळ, पाण्याची खोली आणि माशाचे स्थानिक नाव असावे. अंतिम तक्त्याची एक प्रत स्थानिक नावांसह मच्छीमार संस्थेला आणि दुसरी गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीसाठी द्यावी. बेशरमाची झाडे काढून कोणत्या काठाला कोणत्या पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, हे ठरवताना तो तक्ता संस्थेच्या उपयोगी पडतो.